दशक सरले म्हणजे काय?

दशक म्हणजे दहा वर्षे, हे सातवी शिकलेल्या बाईलाही कळते. पण ते संपते कधी, हे शिकलेल्यांनाही नीट सांगता येत नाही. इसवी सन एकापासून सुरू झाला, शून्यापासून नव्हे. म्हणून काटेकोर हिशेबाने दहावे वर्ष १९६० हे धरायला हवे. बोलताना मात्र आपण १९५९ सरले की पन्नासचे दशक सरले म्हणतो.

आपल्या माणसांनी असे दहा-दहाचे गठ्ठे कधी बांधलेच नाहीत. पुण्याची जुनी मंडळी 'पानशेतच्या आधी' आणि 'पानशेतनंतर' असे बोलत. १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटले आणि त्यांचे जुने पुणे त्यात वाहून गेले. आपल्याकडे बहात्तरचा दुष्काळ. आणि ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव पडले, ते मूळ गावच डिंभे धरणाच्या पाण्यात बुडाले. तिथल्या माणसांना कॅलेंडर काय दाखवणार?

गाण्यांचेही तसेच. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९ साली आला. वसंत पवारांचे संगीत, आशाबाईंचा आवाज, पडद्यावर हंसा वाडकर आणि जयश्री गडकर. पुण्याच्या विजयानंद थिएटरात तो १३१ आठवडे चालला, म्हणजे अडीच वर्षे! १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले, एकसष्ट साल उजाडले, तरी एकोणसाठच्या लावण्या वाजतच होत्या.

त्याच दशकात, १९५५ च्या रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झाले. माडगूळकरांची छप्पन गीते, सुधीर फडक्यांच्या चाली. ते ऐकायला उंबरा ओलांडावा लागत नसे. म्हणून ते आजही घरोघर आहे.

पण आपल्याच जुन्नर तालुक्यातले नारायणगाव ही तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात, आणि गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. तिथल्या विठाबाई नारायणगावकरांचा राष्ट्रपतींकडून १९५७ साली सन्मान झाला, पुन्हा १९९० साली झाला. मध्ये तेहतीस वर्षे! तो आवाज कोणत्या दशकात घालायचा? खेळ चालू असताना त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. अखेरचे दिवस मात्र हलाखीचे गेले. २००२ च्या जानेवारीत त्या वारल्या. आता त्यांच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देते.

राग मानू नये, पण एक बोलते. सिनेमातली लावणी आपण पोळ्या लाटताना गुणगुणायची, आणि जिने ती खरोखर फडावर उभी राहून म्हटली तिच्या तंबूकडे घरंदाज बाईने फिरकायचेही नाही, हा कुठला न्याय? माझ्या आजीने उभ्या जन्मात तमाशा पाहिला नाही. जत्रेच्या रात्री अंगणात अंथरुणावर पडल्या पडल्या लांबून येणारी ढोलकी तेवढी ऐकली. तोडा कुठे संपणार, हे तिला आधीच कळे, आणि पांघरुणातून तिचा हात ताल धरी.

यंदाच्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात लावणी नको, असे काही जणींचे मत पडले होते. अखेर तीन लावण्या घेतल्या आहेत. ढोलकीवाला नारायणगावचा आहे. सासूबाईंनाही बरोबर आणावे, आणि पुढच्या रांगा रिकाम्या ठेवू नयेत.