बोरघाटाने मोजलेलं अंतर

मुंबईचा विमानतळ आणि पुण्याचा लोहगाव विमानतळ यांच्यात सरळ रेषेत सुमारे १२४ किलोमीटर अंतर आहे. ताशी आठशे किलोमीटर वेगाच्या विमानाला ते कापायला नऊ-दहा मिनिटं पुरावीत. तरी या मार्गावर विमानं चालली तेव्हा वेळापत्रकात तासाच्या आसपास वेळ धरलेला असे. याचा दोष सहसा धावपट्टीवरच्या गर्दीवर जातो. पण अंतर आणि वेळ यांची ही फारकत विमानाहून फार जुनी आहे, आणि तिचं कूळ मावळात, बोरघाटात सापडतं.

कोकणातल्या बंदरांतून देशावर जाणारा माल हा घाट दोन हजार वर्षांपासून चढतो आहे. कार्ल्याच्या लेण्यांना दान देणारे व्यापारी याच वाटेवरचे. त्या काळी कोस सांगून काही कळत नसे. मजला किती, हेच विचारलं जाई. १८३० मध्ये घाटातून गाडीरस्ता खुला झाला, तरी चढ तोच राहिला. पुढे रेल्वे आली, आणि इथेच गोष्ट खरी रंगते. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी धावू लागली, पायथ्याशी खोपोलीपर्यंत रूळ त्याआधीच आले होते, पण मधला घाट मोकळा होता. प्रवासी गाडीतून उतरून पालखीने, तट्टावरून किंवा बैलगाडीने वर चढत आणि पुन्हा गाडीत बसत. मूठभर मैलांनी सगळ्या प्रवासाचा वेळ ठरत होता. २१ एप्रिल १८६३ रोजी घाटाचा लोहमार्ग सुरू झाला. त्यात २५ बोगदे होते आणि काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट असा चढ. शिवाय एका ठिकाणी गाडीची दिशाच उलटवावी लागे. ती अडचण १९२९ च्या सुमारास नव्या मार्गाने गेली.  आजही कर्जतला मागून जादा इंजिनं लागतात, आणि लोणावळ्यापर्यंतच्या २८ किलोमीटरला पाऊण तासाच्या आसपास वेळ जातो.

यावर कोणी म्हणेल, विमान घाटावरून उडतं, त्याला चढाचं काय? पण चढ त्यालाही आहे. विमानाचा वेळ चाकांखालची अडण काढल्यापासून ती पुन्हा लावेपर्यंत मोजतात. धावपट्टीपर्यंत सरकणं, रांग, उंची गाठणं, उतरण्यासाठी रांगेत येणं हा भाग अंतर घटलं म्हणून घटत नाही. मुंबई-दिल्ली अंतर पुण्याच्या नऊपट, वेळ मात्र जेमतेम दुप्पट. लोहगावची धावपट्टी तर हवाई दलाची, तीही वाटून घ्यावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: २००२ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गाने वेळ खरोखरच घटवला. घटवला, पण अंतर कापून नव्हे. बोगदे, सहा पदरी रस्ता आणि मोकळी वळणं यांनी. जिथे तो अजून अडतो, तो अडोशी ते खंडाळ्याचा टापू आहे, कारण जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग तिथे एकाच रस्त्यावर येतात. खोपोली ते कुसगाव या ‘मिसिंग लिंक’ची आखणी नेमक्या याच टापूला वळसा घालण्यासाठी झाली. तिने वाचणारं अंतर जेमतेम सहा किलोमीटर, तरी एवढ्यासाठी डोंगर पोखरून सुमारे नऊ किलोमीटरचा बोगदा खणावा लागला.