माग, शीव आणि भरपाई

चोरी रोखण्याचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न पेशवाईत गावाच्या शिवेवर सुटत असे. जिंकलेल्या मुलखाविषयी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये लिहिलेल्या अहवालात मला ही रीत सापडली. चोरी झाली की राखणदाराने, काही ठिकाणी रामोशाने किंवा भिल्लाने, चोराचा माग काढायचा. माग शेजारच्या हद्दीत शिरला, की तिथल्या राखणदाराला तो दाखवून त्याच्या हवाली करायचा. मग जबाबदारी त्या गावाची. माग जिथे हरवेल, त्या गावाने भरपाई द्यायची.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६८ मध्ये गुन्ह्याचा हिशेब मांडला. पकडले जाण्याची शक्यता, शिक्षेची जरब आणि बंदोबस्ताचा खर्च यांचा मेळ घालून समाजाचे एकूण नुकसान कमीत कमी ठेवायचे, हे त्याचे सूत्र. त्या दृष्टीने ही रीत चतुर ठरते. पायवाटा ज्याला ठाऊक, जबाबदारी त्याच्यावर. सरकारी तिजोरीला फारशी तोशीस नाही.

पण स्वस्त बंदोबस्ताची किंमत कोणीतरी मोजतच असतो. पूर्ण भरपाई राखणदाराच्या ऐपतीबाहेरची होती. एल्फिन्स्टनलाही ती अन्यायाची वाटली. सगळी रक्कम क्वचितच वसूल होई, काही दंड मात्र बहुधा बसे. माझ्या मते, व्यवस्था टिकली ती दुसऱ्या बाजूच्या जोरावर: गावातले हक्क, इनाम आणि गडावरची चाकरी.

१८१८ नंतर गडांवरची शिबंदी मोडली. पुरंदरच्या आसपासच्या रामोशांची रोजी गेली. बेकर यांच्या मांडणीत सरळ मार्गाच्या कमाईलाही जागा आहे. ती आटली की आडमार्गाचे पारडे जड होते. मात्र उमाजी नाईकांचा उठाव एवढ्याच मापाने मोजता येणार नाही. सरकारने त्याला दरोडेखोरी म्हटले. प्रत्यक्षात तो परक्या सत्तेविरुद्धही होता. पाठलागाला फौज लागली, बक्षिसे लावावी लागली. मध्यंतरी माफी देऊन उमाजींना चाकरीतही घेतले गेले. शेवटी ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली.

शिबंदीवरचा वाचलेला पैसा बचत म्हणून दिसला. फौजेचा खर्च पुढे, वेगळ्या नावाने आला. गुन्हेनियंत्रणाचे धोरण तपासताना मी आता आधी एवढेच पाहतो, की हे दोन्ही आकडे एका पानावर आहेत का, आणि ज्याच्यावर जबाबदारी टाकली त्याची भाकर कोणत्या रकान्यात आहे.