जुने गोवे

जुने गोवे (पोर्तुगीज: वेल्हा गोवा) हे गोवा राज्याच्या तिसवाडी तालुक्यात, मांडवी नदीच्या दक्षिण तीरावर वसलेले ऐतिहासिक नगर आहे. ते पणजीच्या पूर्वेस सुमारे १० किलोमीटरवर आहे. सोळाव्या शतकात ते पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील सत्तेची राजधानी आणि भारतातील युरोपीय शिक्षणाचे व मुद्रणाचे आद्य केंद्र होते. ‘गोवा वेल्हा’ हे याच तालुक्यातील वेगळे गाव होय.

इतिहास

आफोन्सो द आल्बुकेर्क याने १५१० मध्ये हे नगर विजापूरच्या आदिलशाहीकडून जिंकले. १५३० मध्ये पोर्तुगिजांची राजधानी कोचीहून येथे आली.

सेंट पॉल महाविद्यालय

स्थानिक तरुणांमधून ख्रिस्ती धर्मोपदेशक घडविण्यासाठी १५४१ मध्ये येथे एक विद्यालय सुरू झाले. पाडलेल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न त्याला लावून देण्यात आले. त्यामुळे त्याचे विद्यादान आणि देवळांचा विध्वंस हे दोन वेगळे इतिहास मानता येत नाहीत. पुढे सेंट पॉल महाविद्यालय या नावाने ते जेझुइट पंथीयांकडे गेले. पोर्तुगालचे विद्यापीठ १५३७ मध्ये कोइंब्रा नगरात स्थिरावले होते. तेथील जेझुइट महाविद्यालयात शिकलेले अनेक धर्मगुरू गोव्यात आले.

मुद्रण

एबिसीनियाला निघालेले छपाईयंत्र १५५६ मध्ये गोव्यातच राहिले आणि सेंट पॉल महाविद्यालयात भारतातील पहिला छापखाना सुरू झाला. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा भारतीय वनौषधींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. देवनागरी खिळे मात्र तयार झाले नाहीत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल (रायतूर) येथे रोमन लिपीत छापण्यात आले. मराठीला मुद्रण लाभले, पण तिची लिपी त्यात उतरली नाही.

ऱ्हास

रोगांच्या वारंवार येणाऱ्या साथींनी नगर ओस पडत गेले. १७५९ मध्ये जेझुइटांची हकालपट्टी झाली आणि व्हाइसरॉयचे निवासस्थान पणजीला हलले. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. १८४२ मध्ये पणजीत वैद्यकीय विद्यालय निघाले, तरी विद्यापीठ नसल्याने उच्च पदवीसाठी गोमंतकीयांना पोर्तुगाल किंवा मुंबई गाठावी लागे. १९६१ नंतर गोव्यात निघालेली महाविद्यालये प्रथम मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये स्थापन झाले.

सद्यःस्थिती

सेंट पॉल महाविद्यालयाच्या वास्तूपैकी आज दर्शनी कमान तेवढी उभी आहे. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष असलेले बॉम जेझस बॅसिलिका आणि से कॅथेड्रल यांसह येथील चर्च व मठांचा १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.