पाचशे अब्ज डॉलरचं एस्टिमेट

मागच्या आठवड्यात ऑफिसात एका नव्या कामाचं एस्टिमेट काढत होतो. काम साधं, दोनेक महिन्यांचं. पण मेल फिरायला लागली आणि टेस्टिंगवाल्यांनी आपला नवा सर्व्हर त्यात घुसवला, डेटाबेसवाल्यांनी तीन वर्षं रखडलेलं अपग्रेड घुसवलं, वरून मॅनेजरने तीस टक्के बफर ठेवला. शेवटचा आकडा बघून क्लायंट म्हणाला, "राहू द्या." तेव्हा मला नासाचा एक जुना रिपोर्ट आठवला. आज त्याचीच गोष्ट.

२० जुलै १९८९. माणूस चंद्रावर उतरल्याला बरोबर वीस वर्षं झाली होती. वॉशिंग्टनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयाच्या पायऱ्यांवर राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) भाषणाला उभे राहिले. आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन, कॉलिन्स तिघंही हजर. बुशसाहेबांनी सांगितलं: आधी 'फ्रीडम' हे अंतराळ स्थानक, मग पुन्हा चंद्रावर आणि या वेळी राहायला, आणि त्यानंतर मंगळावर माणूस. टाळ्या पडल्या. पैसे किती, हे कोणी बोललं नाही.

तो हिशोब करायचं काम नासाकडे आलं. ह्यूस्टनच्या जॉन्सन केंद्राचे प्रमुख आरोन कोहेन यांच्या हाताखाली टीम बसली आणि तीन महिन्यांत रिपोर्ट तयार. नावच पडलं 'नव्वद दिवसांचा अभ्यास'. त्यात पाच पर्याय होते म्हणे. पण वाचायला घेतलं की कळतं, पर्याय एकच आहे, फक्त तारखा पुढेमागे केल्यात! प्रत्येकात फ्रीडम स्थानक हवंच, चंद्रावर तळ हवाच, अवकाशात जहाजं जोडणं हवंच. नासाच्या प्रत्येक केंद्राला जे जे हवं होतं ते सगळं मंगळाच्या नावावर आत आलं. वर जवळजवळ ५५ टक्के राखीव रक्कम. (आमचा मॅनेजर बिचारा तीसवरच थांबला.)

बेरीज झाली साधारण ५०० अब्ज डॉलर, वीस-तीस वर्षांत मिळून. रिपोर्टच्या जाहीर प्रतीत हा आकडा छापला नव्हता, पण असले आकडे लपतात थोडेच! त्या काळात नासाचं वर्षाचं बजेट होतं १२-१३ अब्ज. आणि अमेरिकन सरकारची वर्षाची तूटच २०० अब्जांच्या वर गेलेली.

आता वेळ कशी बघा. बर्लिनची भिंत पडली ९ नोव्हेंबर १९८९ ला आणि हा रिपोर्ट आला त्याच महिन्यात. केनेडींच्या वेळी पैसे सुटले ते रशिया पुढे जाईल या भीतीने. १९६६ च्या आसपास केंद्राच्या एकूण खर्चातले चार टक्क्यांहून जास्त एकट्या नासाला मिळत होते. आता ती भीतीच उरली नाही. मग खासदाराने आपल्या मतदाराला सांगायचं काय?

अजून एक बारीक भानगड आहे, आणि मला वाटतं खरी मेख तिथेच होती. अमेरिकेच्या संसदेत तेव्हा नासाचं बजेट ज्या उपसमितीत ठरायचं, तीच समिती माजी सैनिकांचा खर्च आणि गरिबांच्या घरांचा खर्चही ठरवायची. एकच डबा, त्यातूनच सगळ्यांना वाढायचं. म्हणजे मंगळाची लढत रशियाशी नव्हती, माजी सैनिकांच्या हॉस्पिटलशी होती. ती कोण जिंकणार, हे सांगायला रॉकेट सायंटिस्ट लागत नाही :)

तरी मे १९९० मध्ये टेक्सासमध्ये बुश यांनी तारीखही देऊन टाकली: चांद्रविजयाच्या पन्नासाव्या वाढदिवसाआधी, म्हणजे २०१९ च्या आत, मंगळावर अमेरिकेचा झेंडा. पुढच्याच महिन्यात हबल दुर्बिणीचा आरसा चुकीचा घासलाय हे उघडकीला आलं आणि उन्हाळाभर स्पेस शटलमधून हायड्रोजन गळत राहिला. ज्यांना आरसा धड घासता येत नाही, त्यांना ५०० अब्ज? नव्या मोहिमेच्या अभ्यासापुरते मागितलेले पैसेसुद्धा काँग्रेसने जवळजवळ सगळे कापले. १९९२ च्या सुरुवातीला नासाप्रमुख रिचर्ड ट्रुली यांना जावं लागलं आणि पुढे सगळं प्रकरण गुपचूप गुंडाळलं गेलं.

मग हे मुळातच अशक्य होतं का? मला तसं वाटत नाही. १९९० मध्येच मार्टिन मॅरिएटा कंपनीतल्या रॉबर्ट झुब्रिन आणि डेव्हिड बेकर या दोन इंजिनियरांनी वेगळाच हिशोब मांडला. परतीचं इंधन इथून न्यायचंच कशाला? मंगळाच्या हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. इथून ६ टन हायड्रोजन न्या, तिथे मिथेन आणि ऑक्सिजन बनवा, शंभरावर टन माल तयार होतो. स्थानक नको, चंद्रावरचा थांबा नको, अवकाशात जुळवाजुळव नको. नासाच्याच लोकांनी पुढे हा आराखडा सैल करून खर्च काढला, तो आला ५० अब्जांच्या घरात. म्हणजे दहावा हिस्सा! झुब्रिनसाहेब उत्साही आहेत, त्यांचे आकडे मी चिमूटभर मीठ घालूनच घेतो. पण स्कोप कापला की एस्टिमेट किती पडतं, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

(इथे कोणीतरी म्हणेलच, आपलं मंगळयान ४५० कोटी रुपयांत गेलं की! गेलं, आणि अभिमानच आहे. पण त्याला श्वास घ्यायचा नव्हता, जेवायचं नव्हतं आणि घरी परतही यायचं नव्हतं.)

अर्थात स्वस्त आराखडा असूनही प्रश्न सुटत नाही. मंगळाला निघायची योग्य वेळ दर २६ महिन्यांनी येते, जाऊन यायला अडीचेक वर्षं लागतात, आणि तयारीला दहा-पंधरा. तिकडे बजेट दरवर्षी मंजूर करून घ्यायचं, कनिष्ठ सभागृहाची निवडणूक दोन वर्षांनी आणि राष्ट्राध्यक्षाची चार वर्षांनी. धाकट्या बुशनी २००४ मध्ये पुन्हा चंद्र-मंगळ जाहीर केलं, ओबामांनी २०१० मध्ये त्यातला चंद्राचा कार्यक्रम रद्द करायला घेतला. नवा आला की जुन्याचा आराखडा कचऱ्यात, आपल्याकडच्या रस्त्यांसारखंच.

झुब्रिनची कल्पना मात्र पूर्ण वाया गेली नाही. पर्सिव्हरन्स रोव्हरवर 'मॉक्सी' नावाची एक पेटी होती. २०२१ ते २०२३ मध्ये ती १६ वेळा चालली आणि मंगळाच्या हवेतून तिने एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन काढला. कारखान्याच्या मानाने हे काहीच नाही, पण पेटी चालली.

आणि बुश यांची ती तारीख? २० जुलै २०१९ शनिवारी आली आणि गेली. मी तेव्हा इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. हॉस्टेलवर त्या आठवड्यात सगळे चांद्रयान-२ च्या मागे होते, कारण १५ तारखेचं उड्डाण ऐन वेळी थांबलं होतं आणि ते २२ ला जायचं होतं. त्या झेंड्याची आठवण आमच्यात कोणालाच नव्हती.