तिसरा करांदा

काळी नदी अजून मोकळी वाहते आहे. तिच्यावर धरण बांधायला, जुनं सुपा पाण्याखाली जायला आणि तालुक्याची कचेरी जोयड्याला हलायला आठशे वर्षं आहेत. ज्ञानेश्वरीलासुद्धा अजून सव्वाशे वर्षं अवकाश आहे. साल ११६७ च्या आसपासचं. तुमच्या पाठीवर वचनं लिहिलेल्या ताडपत्रांचं गाठोडं आहे आणि पोटऱ्यांना जळवा.

कर्नाटकातल्या कल्याणात काय झालं ते तुम्ही पाहिलंत. चांभार हरळय्याच्या मुलाशी ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीचं लग्न लागलं. बिज्जळ राजानं दोन्ही बापांना हाल हाल करून मारलं. मग बिज्जळाचाच खून झाला आणि शरणांची, म्हणजे ही वचनं रचणाऱ्या शिवभक्तांची, पांगापांग. त्यातला एक जथा चन्नबसवण्णा आणि त्याची आई अक्कनागम्मा यांच्यामागोमाग इथल्या उळवीच्या रानात शिरला, असं परंपरा सांगते. त्यात तुम्ही. मागं मडिवाळ माचीदेव, जातीचा परीट, पाठलागावरच्या सैन्याला अडवतो आहे.

तुम्हाला मी मुद्दाम आषाढात आणलंय. ताडपत्राची परीक्षा या घाटातल्या पावसात. कांबळं अंगावर घ्यायचं की गाठोड्यावर, हा प्रश्न दर सरीला पडतो. दिवसा एक उत्तर असतं, रात्री दुसरं.

एका खोपटातली म्हातारी भाजलेले करांदे देते. दोन तुम्ही खाता, तिसरा हळूच कमरेला खोचता. उद्याला असावा म्हणून. शेजारचा गडी आपली पानं शेकोटीजवळ वाळत घालतो आणि त्यातलं एक उजेडात धरून वाचतो. नेमकं आयदक्की लक्कम्माचं वचन! सांडलेले तांदूळ वेचून नवरा-बायको पोट भरत. एके दिवशी नवऱ्यानं, मारय्यानं, गरजेहून जास्त तांदूळ आणले, तर ही बाई त्याच्यावर उखडली: एवढा हावरटपणा कुठून आला, जिथले तिथं टाकून या.

तुमचं डोकं फिरतं. कल्याणच्या अनुभव मंटपात, शरणांच्या सभेत, हेच ऐकून तुम्ही मान डोलावली होती. समोर अल्लमप्रभू, भोवती नावाडी, दोर वळणारा, वेश्या, जो तो आपल्या धंद्याच्या भाषेत बोलणारा. संध्याकाळी जेवणाची पंगत ठरलेली. दाद द्यायला काय लागतं!

गाठोडी वाहणाऱ्यांपैकी एखाद्यानं तरी दोन-चार पानं शेकोटीत सारली असणार, अशी मला दाट शंका आहे. सुकलेलं ताडपत्र झकास पेटतं. पुराणांत अशा माणसाला जागा नसते. मला तोच जवळचा वाटतो. तुम्ही पानं जाळली नाहीत. लक्कम्मा पटली म्हणून म्हणावं, तर तसंही नाही. बहुधा शेजारी बघत होता.

उळवीला गुहा सापडतात, ओझी उतरतात. चन्नबसवण्णाची समाधी पुढे तिथंच होते. माघी पौर्णिमेच्या जत्रेला धारवाड-बेळगावकडून बैलगाड्या याच रानातून येतील, पण तो फार पुढचा काळ.

आता विजापूर, १९२३. फ. गु. हळकट्टी नावाचे वकील घरोघरी देव्हाऱ्यांत पडलेली ताडपत्रं मागून आणतात, उतरवून घेतात. ‘वचनशास्त्रसार’चा पहिला भाग त्याच वर्षी निघतो, पुढे छापखान्यापायी ते घरही विकतात. त्या ढिगात तुमची पानं शोधू नका. ताडपत्रं झिजतात, नकला होतात, नकलांच्या नकला होतात. तुमच्या पाठीचा घाम त्यातल्या कशालाच लागलेला नाही.

लक्कम्मा मात्र पुढे छापील पानावर आली. तांदळाचं ते वचन आज वाचलंत तर तुम्हाला पुन्हा आवडेल, कुणाला तरी वाचूनही दाखवाल. करांदा तुम्ही दुसऱ्या दिवशी, जथ्याच्या थोडं मागं राहून, एकट्यानं खाल्लात. गार झाला होता, तरी गोड लागला.