घाऊक शेतमाल बाजार : तोल व सौद्याची तंत्रे

शेतकऱ्यांकडून येणारे धान्य, भाजीपाला, फळे इ. माल एकत्र जमवून तो किरकोळ विक्रेत्यांना व व्यापाऱ्यांना मोठ्या प्रमाणावर विकणाऱ्या बाजारास घाऊक बाजार म्हणतात. अशा बाजाराची कार्यक्षमता वाहतूक व साठवण यांवर अवलंबून असते, हे खरे. तथापि महाराष्ट्रातील बाजारांचा इतिहास पाहता वजन व किंमत उघडपणे ठरविण्याची साधने अधिक निर्णायक ठरली, असे दिसते. गाडीत नाशवंत माल भरून आलेला शेतकरी तो परत नेऊ शकत नाही. त्यामुळे तोलातील वा भावातील खोट त्याला निमूटपणे सोसावी लागे.

जुन्या बाजारांत भाव ठरविण्याची रूढ रीत म्हणजे हत्ता पद्धत. अडत्या व खरेदीदार उपरण्याखाली किंवा रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटे दाबीत व त्या खुणांवरून भाव ठरे. जवळच उभ्या असलेल्या शेतकऱ्यास काय ठरले ते कळत नसे. अडत्या हा नावाला शेतकऱ्याचा प्रतिनिधी असला, तरी पुष्कळदा तोच त्याला उचल देणारा सावकारही असे. या पद्धतीच्या वेगाचा गुण मात्र नाकारता येत नाही : लहानलहान ढिगांचे अनेक सौदे तीत थोडक्या वेळात उरकत. कायद्याने बंदी आल्यानंतरही काही बाजारांत ती दीर्घकाळ टिकली, याचे एक कारण हेच असावे.

तोलाचा गोंधळही कमी नव्हता. मुंबईचा मण २८ पौंडांचा (सु. १२.७ किग्रॅ.), तर बंगाली मण सु. ३७.३ किग्रॅ. भरे. धान्य पुष्कळ ठिकाणी वजनाने न देता पायलीने मापून दिले जाई. माप शिगोशीग भरावयाचे की सपाट, हे मापाड्याच्या हातावर राही. त्यानंतर कडता, धर्मादाय, हमाली, तोलाई अशा कपाती होऊन उरलेली रक्कम पट्टीवर मांडली जाई.

नियमनाचा आरंभ कापसापासून झाला. वऱ्हाडातील कारंजा येथील कापूस बाजार १८८६ मध्ये नियमनाखाली आला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. मँचेस्टरच्या गिरण्यांना शुद्ध कापूस हवा होता, हा त्यामागील हेतू लपून राहिलेला नाही. शेतकऱ्याचे हित त्याच्या ओघाने आले. मुंबई इलाख्यात १९२७ मध्ये कापूस बाजार कायदा झाला. शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात नियंत्रित बाजार व प्रमाणित वजने यांची शिफारस केली, तर १९३७ च्या कायद्याने प्रतवारीच्या ‘ॲगमार्क’ चिन्हास आधार दिला. मुंबई इलाख्याचा १९३९ चा व पुढे महाराष्ट्राचा १९६३ चा कायदा यांनी बाजार समित्या व खुला लिलाव रुजविला. दशमान मेट्रिक वजने १९६२ पासून सक्तीची झाली. भरलेली गाडी एकदम तोलणाऱ्या भुईकाट्यांमुळे वेळ वाचला व मापाड्याच्या हाताचे महत्त्व घटले.

जागेचा प्रश्न मुंबईत तीव्र होता. १८६९ मध्ये उघडलेल्या क्रॉफर्ड मार्केटच्या अरुंद परिसरात मालमोटारी तासन् तास खोळंबत. कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार १९८१ मध्ये व फळे-भाजीपाल्याचा १९९६ मध्ये नवी मुंबईत हलविण्यात आला. गोणी वाहण्याचे काम मात्र तेथेही पाठीवरच राहिले. या कामगारांना १९६९ च्या माथाडी कायद्याने संरक्षण दिले होते.

नेदर्लंड्समध्ये लिलावाचे वेगळे तंत्र विकसित झाले. ब्रूक ओप लांगडाइक येथे १८८७ मध्ये शेतकऱ्यांच्या भाजीचा लिलाव सुरू झाला. पुढे प्रचारात आलेल्या लिलाव-घड्याळात काटा चढ्या भावावरून खाली सरकतो व जो प्रथम कळ दाबील, त्याला माल मिळतो. यात भाव सर्वांना एकाच वेळी दिसतो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने बंगळूरू येथील आपल्या फळ-भाजी बाजारात याच धर्तीची यंत्रणा बसविली. पण तेथे अपेक्षेइतका माल आला नाही. शेतकरी उचल व ओळखीमुळे जुन्या अडत्याशी बांधलेला होता आणि यंत्र ते नाते तोडू शकत नव्हते.

कर्नाटकाने २०१४ मध्ये बाजार समित्या संगणकाद्वारे जोडण्यास प्रारंभ केला. त्याच दिशेने १४ एप्रिल २०१६ रोजी केंद्र शासनाची ‘ई-नाम’ ही राष्ट्रीय व्यवस्था ८ राज्यांतील २१ बाजारांत सुरू झाली. २०२० मध्ये ही संख्या १,००० झाली. बोली पडद्यावर लागते, वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावर होते व पैसे बँकेमार्फत देता येतात. तथापि दूरच्या गावचा व्यापारी न पाहिलेल्या मालावर बोली लावील, तर त्याला प्रतीची खात्री हवी. धान्याचा ओलावा उपकरणाने मोजता येतो. फळभाजीची प्रत अजून बहुतांशी नजरेवर ठरते. लासलगावसारख्या कांद्याच्या बाजारात लिलावासाठी व्यापारी एका वाहनाकडून दुसऱ्याकडे सरकत जातात, वरचा थर हाताने बाजूला सारून आतला कांदा पाहतात आणि मगच भाव पुकारतात.