आशिकली होयुकची खारट माती

तुर्कस्तानात मेलेंदिझ नदीकाठी आशिकली होयुक नावाचे टेकाड आहे. सुमारे १०,४०० वर्षांपूर्वी इथे वसलेले लोक गहू आणि डाळी पिकवत. पुढे घरे इतकी खेटून झाली की आत शिरायचे ते छपरातून!

खालच्या थरांत ससे, मासे, हरणे अशा नाना प्राण्यांची हाडे सापडतात. वरच्या थरांत मुख्यतः शेळ्यामेंढ्यांची. पण ही जनावरे शिकारीची की पाळलेली? २०१९ साली संशोधकांनी याचे उत्तर चक्क मुतात शोधले. मुतातले सोडियम, क्लोरीन आणि नायट्रेट कोरड्या हवामानामुळे मातीत टिकून होते. सुमारे १०,००० वर्षांपूर्वीपासूनच्या थरांत त्यांचे प्रमाण झपाट्याने वाढते. माणसांचे मूत या क्षारांवरून वेगळे ओळखता येत नाही हे खरे. पण घरांची संख्या पाहता एवढे क्षार एकट्या माणसांचे असणे शक्य नव्हते. म्हणजे कळप गावातच बांधले जात होते.